घराचा इतिहास घरानेच लिहावा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला सांगितलं की, शाळांना सुट्टी लागणार आहे, पोरं गावाला जातील, कोणी घरीच राहतील, तर त्यांनी सुट्टीत काय करावं यावर चार शब्द बोला. चित्रकला, वक्तृत्व, पाठांतर या स्पर्धा आपण दरवर्षी घेतोच. त्या चालू राहाव्यात. पण यंदा आम्ही एक वेगळं काम सुचवणार आहोत. ते एकट्या मुलाचं काम नाही, सगळ्या घराचं आहे. त्याला खर्च म्हणाल तर एक दोनशे पानी वही आणि दोन पेनं. काम असं की, या सुट्टीत प्रत्येक घराने आपल्या घराचा इतिहास लिहून काढावा.

आता कोणी म्हणेल, आमच्यासारख्यांच्या घराला कसला आला इतिहास? इतिहास राजे-महाराजांचा. हेच तर आमचं दुखणं आहे, आणि म्हणूनच आज हा विषय घेतला.

आपल्या वस्तीत कोणी वारलं की जलदान विधीला, पुण्यानुमोदनाला आम्हा कार्यकर्त्यांना दोन शब्द बोलायला सांगतात. बोलायचं तर माहिती पाहिजे. म्हणून आम्ही आधी घरच्यांना विचारतो. बाबांचं मूळ गाव कोणतं? मुंबईला कोणत्या साली आले? कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात होते? दीक्षा कुठे घेतली? मुलगा बहिणीकडे बघतो, बहीण आत्याकडे बघते. शेवटी कोणीतरी म्हणतं, "स्वभावाने चांगले होते, सगळ्यांना धरून राहायचे, एवढंच बोला." मंडळी, ऐंशी वर्षांचा माणूस. त्याने दुष्काळ पाहिला, वाटेने चालत आला, तीन-तीन पाळ्या केल्या, मोर्चे काढले, धर्म बदलला. आणि त्याच्यामागे उरलं काय, तर "स्वभावाने चांगले होते".

यात मुलांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही.

आता जरा हिशेब करा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्या दिवशी जी पोरं दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यावेळी जी कर्ती-सवरती माणसं होती, ती बहुतेक निघून गेली. बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहिलेलं, घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडताना बघितलेलं माणूस आपल्या चाळीत आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं राहिलं आहे. पुढच्या पाच-दहा वर्षांत तेही राहणार नाही. मग विचारणार कुणाला?

दुसऱ्यांचं तसं नाही. गावच्या पाटला-देशमुखांच्या वंशावळी भाटांनी, हेळव्यांनी सांभाळल्या. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत यजमानांच्या पिढ्यान् पिढ्या नोंदलेल्या सापडतात. कुलकर्ण्याच्या दप्तरात जमिनीचा, साऱ्याचा हिशेब असायचा. तिथे आपल्या पणज्याचं नाव आलंच, तर वतनाच्या आणि राबणुकीच्या कामापुरतं. त्याची आवड काय, त्याने सोसलं काय, त्याने कोणाला उलट उत्तर दिलं काय, हे लिहायला कोणी बसला नव्हता. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी आपलं लिहिलं नाही. आता लेखणी आपल्या हातात आली आहे. तरी आपण लिहिलं नाही, तर मग दोष कोणाचा?

बाबासाहेबांनी स्वतः हे काम केलं आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटंसं लेखन आहे. त्यात त्यांनी १९०१ सालचा आपल्या लहानपणचा एक प्रवास लिहून ठेवला. लहान भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. मुलांची जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार, अशा अटीवर गाडी मिळाली. रात्रभर पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही. एवढा मोठा विद्वान माणूस, ग्रंथांवर ग्रंथ लिहिणारा, पण ही लहानपणची गोष्टसुद्धा लिहून ठेवावी असं त्याला वाटलं. कारण तो त्यांच्या घराचा इतिहास होता आणि आपल्या सगळ्यांचाही होता.

आणखी एक उदाहरण देतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत घातलं. शाळेच्या रजिस्टरात ती नोंद आहे. त्या एका ओळीवरून महाराष्ट्र शासनाने २०१७ सालापासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. एका रजिस्टरातली एक ओळ! अशी ओळ तुमच्या आजोबांचीही कुठल्यातरी शाळेच्या रजिस्टरात असेल. ती कोणी बघितली आहे का?

बाबासाहेबांच्या मागून आपल्या माणसांनी लिहायला घेतलं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे यांनी बाईमाणसाच्या बाजूने लिहिलं. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याकडून ऐकून त्यांनी ते लिहिलं. १९९३ साली नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' आलं. त्यात पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेल्या त्यांच्या वडिलांच्या आठवणी आहेत. हे आम्ही एवढ्यासाठी सांगतो की, ही सगळी माणसं राजवाड्यातली नव्हती. आपल्यासारख्याच घरांतली होती.

पण सगळ्यांनी पुस्तक छापावं असं आम्ही म्हणत नाही. घरात एक वही असावी, एवढंच मागणं आहे. आता ती कशी करायची ते क्रमाने सांगतो. बालमित्रांनो, इकडे लक्ष द्या.

पहिलं काम वंशवेलीचं. एक मोठा कार्डशीट घ्या आणि त्यावर पिंपळाचं झाड काढा. प्रत्येक पानावर एक नाव लिहा, नावाखाली जन्मगाव आणि काम. आजवर आपण ज्या वंशावळी बघितल्या त्यांत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू असतात. बाई नाहीच. जणू काय पुरुषालाच पुरुष झाले! आपली वंशवेल तशी नको. आजीचं नाव लिहा, पणजीचं लिहा. तिचं माहेरचं नाव काय होतं, सासरी आल्यावर काय ठेवलं, तेही लिहा. माहेरचं गाव लिहा. आम्ही सांगतो, दहांतल्या आठ घरांत पणजीचं नाव कोणाला येणार नाही. मग गावाकडच्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याला फोन लावा. तिला येतं. आणि लेकी लग्न होऊन गेल्या म्हणून त्यांची फांदी तोडू नका.

वेल पूर्ण झाली की नावं वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचा. वर धोंडू, दगडू, कचरू, रखमा, भागू. मधे विठ्ठल, किसन, सखुबाई. आणि मग एकदम सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा, करुणा. १९५६ साल कागदावर लिहायची गरजच नाही, नावांतूनच दिसतं. मुलांना धर्मांतराचा अर्थ शंभर भाषणांनी कळणार नाही, तो या एका झाडावरून कळेल.

दुसरं काम विचारपूस करण्याचं. म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं तंत्र असतं. वही उघडून, पेन सरसावून, "आजी, तुमच्यावर काय अन्याय झाला ते सांगा," असं विचारलं तर आजी म्हणेल, "कसला अन्याव बाबा, चाललं तसं चाललं." साधं विचारा. पाणी कुठून आणायचात? पाणवठा किती लांब? घागरीत वरून पाणी कोण ओतायचं? पावसाळ्यात सरपण कसं कोरडं ठेवायचात? पहिल्यांदा चप्पल पायात कधी आली? मुंबईत पहिली रात्र कुठे झोपलात? पहिला पगार किती, आणि त्याचं काय केलंत? आमच्या चाळीतल्या एका आजींना आम्ही फक्त पाण्याचं विचारलं. आजी दोन तास बोलल्या. सून ओट्याजवळ उभी राहून ऐकत होती. तिला त्या घरात येऊन पंचवीस वर्षं झालेली. म्हणाली, "मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं."

जुन्या माणसांना साल सांगता येत नाही. ते नडत नाही. त्यांना घटना माहीत असतात. माझा बाप मानमोडीच्या साथीत गेला, असं आजीच्या आईचं बोलणं कोणाला आठवत असेल, तर ते १९१८ साल. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. सुकडी खाल्ली, खडी फोडायला गेलो, तो १९७२ चा दुष्काळ. गिरण्यांचा संप सुरू झाला तो १८ जानेवारी १९८२ ला. मराठवाड्यातली माणसं नामांतराच्या जाळपोळीची आठवण सांगतील, ते १९७८. आणि विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४. "तेव्हा तुम्ही केवढे होता? लग्न झालं होतं का? पोटाशी कोण होतं?" असं विचारत गेलं की सालाला साल जुळतं. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. आजीची परवानगी घेऊन आवाज भरून ठेवा आणि मग सावकाश वहीत उतरवा. उतरवताना तिची भाषा सुधारू नका. ती "व्हतं" म्हणाली तर "व्हतं"च लिहा. शाळेतली शुद्धलेखनाची बाई तुमची वही तपासायला येणार नाही.

तिसरं काम कागदपत्रांचं. प्रत्येक घरात माळ्यावर किंवा पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक असते. ती मोठ्यांच्या समोर उघडा. त्यात काय काय निघेल सांगतो. शाळा सोडल्याचे दाखले, जुनं रेशनकार्ड, खोलीच्या भाड्याच्या पावत्या, गिरणीचा पास, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, ई.एस.आय.चं कार्ड, लग्नपत्रिका, गावाकडून आलेली पोस्टकार्डं. कोणाचे आजोबा पलटणीत असतील तर डिस्चार्जचा कागद. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, त्यात आपल्या कोकणातली आणि घाटावरची पुष्कळ माणसं होती.

हे कागद रद्दी नव्हेत. आजोबांचा, वडिलांचा आणि तुमचा असे तीन शाळेचे दाखले शेजारी शेजारी ठेवा. जातीच्या रकान्यात पहिल्यावर महार, दुसऱ्यावर नवबौद्ध, तिसऱ्यावर बौद्ध असं सापडेल. धर्म बदलला म्हणून आपल्या सवलती गेल्या होत्या. राज्याने त्या १९६० साली दिल्या, केंद्राने द्यायला १९९० साल उजाडलं. मधली तीस वर्षं आपले लोक भांडत होते. तो सगळा झगडा त्या तीन कागदांच्या मधल्या जागेत आहे.

शिवाय व्यवहारात उपयोग आहेच. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, तेव्हा घरोघर किती धावपळ होते ते पालकांना माहीत आहे. गावाला गेलात तर कोतवाल बुकाची चौकशी करा. त्याला गाव नमुना नंबर चौदा म्हणतात. जुन्या काळच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात जातीसकट असतात. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागता येते. गिरणी कामगारांच्या घरांचंही तसंच झालं. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, त्याला घरासाठी अर्ज करता आला. ज्या बाईने नवऱ्याचा पास आणि पगाराच्या चिठ्ठ्या पिशवीत जपल्या होत्या, तिचा अर्ज लगेच उभा राहिला. ज्यांनी दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिल्या, त्यांच्या मुलांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. म्हणून कागदांचे फोटो काढून ठेवा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, कापूर किंवा कडुलिंबाचा पाला टाकून ठेवा. मात्र ते फोटो सतरा ठिकाणी पाठवत बसू नका. घरचा कागद घरात राहावा.

चौथं काम वाटेच्या नकाशाचं. आपलं गाव कुठे, आणि तिथून आपण इथे कसे आलो? मुलांनी महाराष्ट्राचा नकाशा काढावा आणि त्यावर लाल पेन्सिलीने आपल्या घराची वाट दाखवावी. एस.टी. सुरू झाली १९४८ साली. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ साली. त्याच्या आधी आलेला माणूस कसा आला? कोकणातले बोटीने आले, घाटावरचे स्टेशनपर्यंत पायी आणि पुढे गाडीने. कोणाच्या नावाची चिठ्ठी खिशात होती? कोणत्या खोलीत वळकटी टाकली? एका खोलीत किती माणसं पाळीपाळीने झोपायची? हेही लिहा. आणि इथून पुढची वाटही दाखवा. चाळीतून कोणी बदलापूरला गेलं, कोणी विरारला, कोणी परदेशात.

हे घाईचं काम आहे. मुंबई सरकारने १९२० च्या सुमारास बांधायला घेतलेल्या बी.डी.डी. चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ होत्या. आता त्या पाडून उंच इमारती होत आहेत. चांगली गोष्ट आहे. आपल्या बायकांनी शंभर वर्षं सार्वजनिक नळावर पाणी भरलं, त्यांना घरात नळ मिळालाच पाहिजे. पण जिथे बाबासाहेबांच्या सभेचे फलक रंगवले, जिथे रात्रीच्या शाळा चालल्या, जिथे संपाच्या बैठका झाल्या, ती खोली उद्या दाखवायला नसेल. ती वहीत तरी असू द्या. खोलीचा आराखडा काढा. मोरी कुठे, चूल कुठे, फोटो कोणत्या भिंतीवर, कोण कुठे झोपायचं. पोरांना यात मजा येते, हे आम्ही बघितलं आहे.

पाचवं काम वस्तूंचं आणि गाण्यांचं. जातं, पाटा, पितळी डबा, भोंग्याच्या वेळेला लावायचं गजराचं घड्याळ, आजीची गोधडी. एकेका वस्तूचं चित्र काढा आणि खाली तिची गोष्ट लिहा. गोधडीत कोणाकोणाची लुगडी आहेत, हे आजी बोट लावून सांगते. आणि जात्यावरच्या ओव्या विचारा. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या दोघांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या आया-आज्यांनी रचलेल्या बाबासाहेबांच्या ओव्याही आहेत. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, ती पहाटे दळता दळता इतिहास रचत होती. तुमच्या आजीला चार ओव्या येत असतील तर त्या तिच्यासोबत जाऊ देऊ नका.

इथवर सोपं होतं. आता अवघड भाग.

आपल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्याला का सांगितलं नाही? त्यांना आठवत नव्हतं म्हणून? तसं नाही. त्यांनी ठरवून सांगितलं नाही. येसकरकीची भाकरी मागायला कोण जायचं, मेलेलं ढोर कोणी ओढलं, कोणाच्या ओट्याखाली उभं राहून हात जोडले, हे पोराला सांगितलं तर पोर मान खाली घालून जगेल, अशी त्यांना भीती होती. त्यांनी ते विष स्वतः गिळलं आणि आपल्याला कोरं ठेवलं. त्यांचे उपकार आहेत. पण आता ती गप्प राहायची गरज संपली. लाज कोणाला वाटावी? ज्याने तहानलेल्याला पाणी नाकारलं त्याला. ज्याला नाकारलं त्याला नव्हे. थेरगाथेत सुनीत थेरांची गाथा आहे. हलक्या मानलेल्या कुळात जन्मलेले, झाडू मारणारे. संघात आल्यावर त्यांनी आपली जुनी हकीकत झाकली नाही, स्वतःच्या तोंडाने सांगितली. ती अडीच हजार वर्षांनी आपण वाचतो. त्यांनी लपवली असती तर आपल्याला काय मिळालं असतं?

गिरणीतही हेच होतं. नव्या पोरांना वाटतं, शहरात जातपात नव्हती. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. का? तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या रिंग खात्यात. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तेव्हा आजोबा कोणत्या खात्यात होते, हा साधा प्रश्न वाटतो. पण विचारून बघा, त्यातून काय निघतं ते.

आणि घरातल्या बाईचं लिहा. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार होते, हे पुस्तकांत आहे. गिरणगावच्या शंभरावर माणसांच्या तोंडून ऐकलेली हकीकत मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली पुस्तकात आणली, तेही मोलाचं काम झालं. पण तुमच्या घरात त्या दीड-दोन वर्षांत चूल कशी पेटली, ते तुम्हालाच लिहावं लागेल. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. आमच्या घरातली पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. आईने पापड लाटले, लोकांची धुणी-भांडी केली. वडील सभेला जायचे, ते आम्ही अभिमानाने सांगत आलो. आईच्या हाताला पडलेले घट्टे कोणी भाषणात सांगत नाही. ते आज आम्ही सांगतो.

दोन-तीन पथ्यं आहेत. एक, खरं लिहा. आपलं घराणं कुठल्या राजाचं, कुठल्या सरदाराचं होतं असं ओढून-ताणून जुळवू नका. जे ऐकलं ते "ऐकलं" म्हणून लिहा, कागद मिळाला तर "कागद आहे" म्हणून लिहा. दोन काका दोन तऱ्हेने सांगत असतील तर दोन्ही लिहा, भांडण लावू नका. ऐकलं म्हणून मानू नये, तपासून घ्यावं, ही तर तथागतांचीच शिकवण आहे. दोन, घरात दारू होती, मारझोड होती, कोणी कोणाला टाकलं होतं, असंही निघेल. ते सांगणाऱ्याच्या मर्जीवर सोडा. "हे लिहू नको" असं आजी म्हणाली तर पेन खाली ठेवा. तिचं मन वहीपेक्षा मोठं आहे. तीन, मुलांनी लिहिलेलं मोठ्यांनी खोडू नये.

आता शेवटची गोष्ट, वाटून घेण्याची. वही लिहून कपाटात ठेवली तर ती पुन्हा ट्रंकेतच गेली. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि तीन महिने विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. समितीला आमची विनंती आहे की, दर रविवारी ग्रंथवाचन झाल्यावर पंधरा मिनिटं एका घराला द्यावीत. त्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने आपली वही वाचावी, वंशवेल भिंतीला लावावी, आणि ज्यांची हकीकत आहे त्या आजी-आजोबांना पुढे खुर्चीवर बसवावं. ज्यांना वाचून दाखवायचं नसेल त्यांनी नुसती एक वस्तू आणून तिची गोष्ट सांगावी. ज्या घरात लिहिणारं कोणी नाही, त्यांच्याकडे आपल्या अभ्यासवर्गातल्या पोरींनी जावं. विहारात एक कपाट या वह्यांसाठी राखावं. ज्यांची इच्छा असेल त्यांनी एक प्रत तिथे द्यावी. जलदानाच्या दिवशी मग आम्हा वक्त्यांना अंदाजाने बोलावं लागणार नाही. घरचं पोर उभं राहील आणि आपल्या आजोबाचं चरित्र स्वतः वाचेल.

नंबर काढू नका, बक्षीस ठेवू नका. कोणाच्या आजोबाचं आयुष्य पहिलं आणि कोणाचं दुसरं, असं ठरवता येत नाही.

आमचं शिक्षण बेताचं. पाळी सुटल्यावर रस्त्यावरच्या दिव्याखाली आणि याच विहारातल्या वाचनालयात बसून जे वाचलं तेवढंच. तरी एवढं समजतं की, बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितलं ते नोकरीपुरतं नव्हतं. शिकलेल्या नातवाने न शिकलेल्या आजीचं म्हणणं लिहून घ्यावं, याहून त्या शिक्षणाचा चांगला उपयोग आम्हाला दिसत नाही.

वह्या समितीने आणून ठेवल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर आहेत. जाताना प्रत्येक घरातून एका मुलाने एक वही न्यावी आणि पहिल्या पानावर, बाकी काही लिहिण्याआधी, आजीचं पूर्ण नाव लिहावं. माहेरच्या नावासकट.

एवढं बोलून आमचे दोन शब्द संपवतो. जय भीम. नमो बुद्धाय.